खेकड्याचा ठेका कोणाचा?

साकोली तालुक्यातल्या आमच्या गावतलावाचा ठेका मासोळीचा असतो. आमची ढिवरांची संस्था तो घेते, पावसाळ्यात रोहू, कटला, मिरगलची बोटुकली सोडते आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळं ओढते. ठेक्याच्या कागदात खेकड्याचं नाव कुठेच नाही. संस्थेचा सचिव म्हणून तो कागद मीच फाइलला लावलाय. खेकडा ज्याच्या हाती लागेल त्याचा, अशीच रीत चालत आलेली.

पहिला दमदार पाऊस झाला की बुजलेली बिळं उघडतात आणि धुऱ्यांवर, बोडीच्या काठांवर खेकडे दिसू लागतात. रोवणीआधी हातात पैसा नसतो, तलावातली बोटुकली अजून बोटाएवढी असते. अशा दिवसांत आमच्या बाया बिळात हात घालून खेकडे काढतात. माझी आई गवताने नांग्या बांधायची आणि आठवडी बाजारात वाटे लावून विकायची. उरले ते उखळात कुटून रस्सा. सर्दीवर तो रामबाण, असं ती सांगायची. सर्दी नसली तरी आम्ही दोन वाट्या प्यायचो.

गेल्या काही वर्षांत नागपूरकडून शनिवारी रात्री गाड्या येऊ लागल्या. डोक्याला बॅटऱ्या, हातात चिमटे, मागच्या डिकीत पोती. त्यांना हटकलं तर म्हणत, ‘आम्ही विकत नाही, आपल्यापुरते नेतो.’ आपल्यापुरते म्हणजे पोतंभर! त्यात पोटाखाली पिल्लं घेतलेल्या माद्याही सर्रास असत. समुद्रातल्या खेकड्याची अंडी पाण्यात फुटतात आणि डिंभ लाटांवर वाहत जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नाही. अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाच्या झडपेखाली राहतो. म्हणजे मादी उचलली की पुढची सगळी वीण पोत्यात गेली.

संस्थेच्या सभेत एका तरुणाने उपाय सुचवला: कोकणासारखी बंदी घालू. तिकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. 2023 साली सरकारने 54 जातींच्या मासळीचं किमान आकारमानही ठरवलं. 135 मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरायचं नाही. मलाही क्षणभर ते पटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. ‘काहून गा, जून-जुलैत तलावात मासोळी नाई, रोवनी लागली नाई, मंग आमच्या चुलीवर का शिजवाचं?’ कोणाकडेच उत्तर नव्हतं. बंदीच्या त्या दोन महिन्यांतच आमच्या बायांचं घर खेकड्यावर चालतं. कॅलेंडर पाहून केलेला नियम गाडीवाल्यांचा एक छंद बुडवणार होता आणि आमच्या बायांचं जेवण.

मग महिन्यांऐवजी मादीवर बोट ठेवलं. खेकडा उलटा करून पाहायचा. पोट रुंद आणि झडपेखाली अंडी वा पिल्लं दिसली तर तिथेच सोडायचा. तलावाची पाळ उकरायची नाही. बाहेरच्याने रात्री यायचं नाही. पाण्यात सुरुंग आणि विष यांना तर इंग्रजांच्या 1897 च्या कायद्यानेच मनाई केली होती, आणि त्या कायद्याच्या लेखी कवचवाले जीवही मासेच.

पाळीच्या नियमावर चर्चा रंगली. कोणाला तरी तिवरे आठवलं. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते धरण फुटलं, माणसं वाहून गेली आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. मग विरोधक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, यांना अटक करा म्हणत. सभेत हशा पिकला; पण कोहळी समाजाने बांधलेले आमच्या भागातले जुने तलाव कित्येक पिढ्या खेकड्यांसकट उभे आहेत, हेही एकाने ऐकवलं.

शेवटी हे नियम फलकावर लिहून तलावाजवळ लावले. ते वाचून गाडीवाले बरेच कमी झाले. खरी अडचण घरातूनच निघाली. महामार्गावरच्या ढाब्यांना किलोने खेकडे हवे असतात आणि आमचीच पोरं रात्रभर बिळं उपसू लागली. गाडीवाल्याला अडवणं सोपं. पुतण्याला कसं अडवणार? बरीच भांडणं होऊन ठरलं की ढाब्याचा माल संस्थेच्या काट्यावरच तोलायचा, आणि तिथे पिल्लांची मादी निघाली तर ती परत पाण्यात, दामही नाही. पहिल्याच पावसात दोन पोरांनी काट्याला बगल देऊन परस्पर माल दिला. त्यांना सभेत उभं केलं. दंड मात्र बायांनी ठरवला: पुढच्या बाजारापर्यंत पाळीवरचं गवत काढायचं.

राहिला शेतकऱ्यांचा प्रश्न. धुऱ्याला भोक पडलं की बांधीतलं पाणी निघून जातं, म्हणून काही जण बिळात फोरेटचे दाणे टाकायचे. ते औषध 2020 च्या अखेरीपासून देशभर बंद आहे, तरी जुनी पाकिटं कोणाकोणाच्या कोठीत निघतात. शेतकऱ्यांचं नुकसान खरं आहे, त्यांना नुसतं ‘टाकू नका’ म्हणून भागत नाही. म्हणून बायांनी प्रस्ताव ठेवलाय: ज्याच्या धुऱ्याला भोकं असतील त्याने निरोप द्यावा, खेकडे आम्ही हाताने काढून नेऊ आणि भोकही चिखलाने लिंपून देऊ. लिंपण्याची मजुरी कोण देणार, यावर ग्रामसभा अजून अडलेली आहे.