पात्र

२०२५ च्या एप्रिल महिन्याच्या शेवटची गोष्ट. आमच्या धाकट्या नातीचा पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला. मुलाने मोबाइलवर पाहिला. नावासमोर ‘पात्र’ असे होते. तासाभरात नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘स्कॉलरशिप मिळाली’ ही बातमी गेली आणि गांधी चमनजवळून पेढे आले.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई. निकालावर ‘अंतरिम’ असा शब्दही होता आणि त्याचा अर्थ मला कळतो. तरी मी गप्प बसले. वर दोन पेढे खाल्ले, साखर असूनही.

जुलैत अंतिम निकाल आला. आनंदीस्वामींच्या देवळातली आषाढीची गर्दी नुकतीच ओसरली होती. शिष्यवृत्तीधारकांच्या यादीत आमच्या मुलीचे नाव नव्हते. मुलगा म्हणाला, काहीतरी घोळ आहे. सून काही बोललीच नाही. आणि पोर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “आजी, मग मी नापास झाले का?”

घोळ काही नव्हता. दोन पेपर असतात, दीडशे-दीडशे गुणांचे. प्रत्येकात किमान चाळीस टक्के मिळाले की मूल ‘पात्र’. पण शिष्यवृत्तीचे संच मोजकेच, जिल्ह्यागणिक ठरलेले. ते संपेपर्यंत वरून खाली गुणवत्तेने नावे घेतात. बाकीची मुले पात्र असतात, धारक नसतात. आपला आकडा तोच राहतो, यादी मात्र इतरांच्या आकड्यांवर ठरते. आमचा जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी इथली मुले औरंगाबाद जिल्ह्यात मोजली जायची. तेवढ्यानेही एखाद्याचा क्रमांक वरखाली होऊ शकतो, मुलाच्या डोक्यात काही फरक न पडता!

हे समजावून होते तोच पुण्याहून भाच्याचा फोन. तिला ३०० पैकी १९६, म्हणजे पासष्ट टक्के. तो म्हणाला, “मावशी, म्हणजे शंभरातली पस्तीस मुलं तिच्या पुढे गेली.” त्याचा मुलगा नुकताच सीईटीतून गेलेला, त्यामुळे त्याच्या घरात पर्सेंटाइलची भाषा. त्याला म्हटले, अरे बाबा, पासष्ट पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या पासष्ट मुलांना तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी गुण. पासष्ट टक्के म्हणजे शंभरातले पासष्ट गुण तुझे, बस. त्यावरून किती मुले पुढे आहेत ते कळत नाही. पेपर अवघड असेल तर पासष्टवालीही वरच्या रांगेत असेल. त्याला पटले की नाही कोण जाणे, मोठ्या पगाराचा माणूस आहे.

मग मुलाने विषयवार गुण काढले. मराठी ५० पैकी ४६, गणित १०० पैकी ४६, इंग्रजी ५० पैकी ३६, बुद्धिमत्ता १०० पैकी ६८. “गणित कच्चं आहे. उद्यापासून क्लास,” असा निकाल त्याने देऊन टाकला.

मला ते पटेना. मी तिची प्रश्नपत्रिका शोधून काढली. कपाटात जपून ठेवली होती. उत्तरांवर पेन्सिलने खुणा होत्या. गणिताचे प्रश्न २६ ते ७५. खुणा ६१ पर्यंतच. पुढचे चौदा प्रश्न कोरे.

“हे का गं सोडले?”

“वेळच संपला. मराठी झालं तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता.”

एका पेपरला नव्वद मिनिटे, प्रश्न पंचाहत्तर. एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्याही आत. मराठीच्या पंचवीस प्रश्नांना अर्धा तास पुरे. तिने पाऊण तास घेतला. उरलेल्या पाऊण तासात छत्तीस गणिते केली, म्हणजे गणितात ती संथ नव्हती. छत्तीसपैकी तेवीस बरोबर. तेरा चुकली, तिथे तिला शिकवायला हवेच. पण चौदा प्रश्नांना तिने हातच लावला नव्हता. शंभरापैकी सेहेचाळीस या आकड्यात चुकलेले आणि न पाहिलेले एकाच पोत्यात भरलेले असतात.

आता मराठीला पाऊण तास का लागला? तर त्या वर्षभर रोज संध्याकाळी तिला मराठी मी शिकवले. “उतारा दोनदा वाच. प्रश्न वाचल्यावर परत उताऱ्याकडे जा. घाई करायची नाही.” वर्गातल्या मुलांनाही मी कायम हेच सांगितले. पोरीने आजीचे अक्षरशः ऐकले. पन्नासपैकी सेहेचाळीस माझे आणि ते कोरे चौदाही माझेच.

कागदावर हिशेब मांडला, की त्याच प्रमाणात चौदापैकी नऊ बरोबर आले असते तर अठरा गुण. मग तो कागद फाडला.

संध्याकाळी मुलाला बसवून सगळे सांगितले, माझ्या वाटच्या चुकीसकट. तो बराच वेळ प्रश्नपत्रिका चाळत राहिला. क्लास काही रद्द झाला नाही, पण “कच्ची” हा शब्द त्याने परत वापरला नाही. नातीलाही सांगितले, तू नापास नाहीस, घड्याळ बघायला मी तुला शिकवलेच नाही. पेढ्यांचे काय करायचे, असे तिने विचारले. मी म्हटले, ते पात्र झाल्याचे होते.

पुढची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीला, असे तेव्हा धरून चाललो होतो. पुढे २०२५ मध्येच शासनाने ती परत चौथी-सातवीला न्यायचे ठरवले. सातवी म्हणजे एक वर्ष आधी. परवा तिने विचारले, “आजी, मग मी उतारा एकदाच वाचू का?”

मी म्हटले, परीक्षेत एकदा. तेवढे बोलतानाही जीभ जड झाली.

“आणि घरी?”

घरी आम्ही दोनदाच वाचतो.