आधी दावं सोड

आमच्या शिवारात पावसाळा जवळ आल्याची वर्दी पहिल्यांदा मोटारी देतात. रोहिणी संपत आल्या की नदीच्या दरडीवर माणसांची वर्दळ सुरू होते. ज्याची त्याची पाच, साडेसात नाहीतर दहा घोड्यांची मोटर, बोल्ट ढिले करून दोरखंडानं वर ओढायची. पूर्वी ती बैलगाडीतनं घरी यायची, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं येते. मोटर पाण्यात राहिली तर वायंडिंग जातं, आणि पुराच्या गाळात रुतली तर हुडकायला दिवाळी उजाडते. पण फार लवकर काढूनही चालत नाही. मृग कोरडा गेला तर उसाचा पाला वळायला लागतो आणि मोटर ओसरीवर आडवी पडलेली. काढावी की अजून आठ दिवस ठेवावी, यावर पारावर दरवर्षी वाद. वडील म्हणायचे, "एक पाणी चुकलं तर टनेज कमी यील. मोटर गेली तर सालच गेलं." ते सगळ्यांच्या आधी काढायचे आणि लोक त्यांना हसायचे.

आमचा शिरोळ तालुका म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचा हा तालुका. काळीभोर जमीन त्यांनीच दिलेली, त्यामुळं तक्रार करायची तर कुठल्या तोंडानं? इथला पूर डोंगरातल्यासारखा अंगावर धावून येत नाही. वर कोयना-महाबळेश्वरला, राधानगरीला, गगनबावड्याला पाऊस कोसळतो आणि त्याचं पाणी आमच्यापर्यंत सावकाश येतं. कधी कधी तर लख्ख ऊन पडलेलं असतं, बायका वाकळा वाळत घालत असतात आणि खाली मळीतल्या उसात पाणी शिरत असतं. कृष्णा भरून चालली असली की नरसोबाच्या वाडीजवळ ती पंचगंगेचं पाणी पोटात घेत नाही. मग ते मागं हटतं आणि ओढ्या-नाल्यांतनं उलटं गावाकडं सरकतं. याला आम्ही फूग म्हणतो. नव्या पाहुण्याला हे पटत नाही. वाहतं पाणी उलटं कसं येईल, म्हणून तो वाद घालतो. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी ओढ्याच्या अल्याड अडकली की मग गप्प बसतो.

त्यामुळं इथल्या माणसाचं नुसतं आभाळाकडं बघून भागत नाही. त्याला आकडे लागतात. कोल्हापूरचा राजाराम बंधारा 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. सांगलीचा आयर्विन पूल 40 वर इशारा, 45 वर धोका. हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण संध्याकाळच्या बातम्या लागल्या की चुलीपुढनं हाळी यायची, "आयरीन किती झाली रं?" आयर्विन हा कुणी लाटसाहेब होता आणि 1929 साली झालेल्या पुलाला त्याचं नाव दिलं, हे मी तिला एकदा सांगून बघितलं. तिनं ते मनावर घेतलं नाही. तिच्या लेखी आयरीन ही सांगलीची कुणी खाष्ट बाई होती, आणि ती चिडली की आमच्या दारात पाणी.

आषाढाच्या आधी आजीची कामं ठरलेली असत. जोंधळ्याची पोती खालच्या खोलीतनं माडीवर जायची. कोरड्या शेणी आणि चिपाडं तुळईवर रचायची. चूल भिजली तर पेटत नाही म्हणून लोखंडी शेगडी वर. मीठ, काडेपेट्या, बरणीभर चटणी. सातबाराचे उतारे, सोसायटीचं पासबुक, रेशनकार्ड हे सगळं युरियाच्या पोत्यातल्या आतल्या प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत. आणि पाणी चढायला लागलं की घरातली झाडून सगळी भांडी पिण्याच्या पाण्यानं भरून ठेवायची. गावाच्या पाणीयोजनेची मोटर नदीवर, म्हणजे पुरात पहिल्यांदा तीच बंद. घराला वेढा पाण्याचा आणि तांब्याभर पाण्यासाठी माणूस कासावीस, हे तिनं एकदा भोगलं होतं.

आम्हा पोरांची तयारी वेगळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा बांधून चुलत्यांनी विहिरीत ढकलायचं. पोहायला येत नाही असा पोरगा आमच्या भावकीत चालत नव्हता. पोरींना मात्र कुणी ढकललं नाही, हे मला मोठेपणी खटकलं. गुऱ्हाळाची काईल उलटी करून ठेवलेली असायची, तीही पुराच्या कामाची. गूळ करायची ती रुंद कढई पाण्यावर तरंगते, आणि होड्या कमी पडल्या की तिच्यात बसून माणसं या गल्लीतनं त्या गल्लीत जायची. काठावर बसायचं नाही, उभं राहायचं नाही, मधोमध मांडी घालून बसायचं, एवढाच तिचा कायदा.

पण आमच्या घरची खरी तयारी म्हणजे आत्याचं लग्न. हे मी थट्टेनं सांगत नाही. 1972 च्या दुष्काळात माळावरच्या एका कुटुंबाची जनावरं आमच्या मळ्यात होती. उसाचं वाडं आणि नदीचं पाणी, यावर ती जगली. पुढं दोन-तीन वर्षांनी आजोबांनी त्याच घरात आत्या दिली. नदीकाठच्या माणसानं पोरगी माळाला देऊ नये, तिला डोईवर पाणी आणायला लावू नये, असं भावकी म्हणत होती. आजोबांचं उत्तर एकच, "माळाला पाणी न्हाई म्हणूनच देतोय." तेव्हापासून उन्हाळ्यात आमचं वाडं त्यांच्याकडं जातं आणि पावसाळ्यात आमची जनावरं त्यांच्या गोठ्यात. पंचायतीच्या कुठल्याही कागदावर नसलेली ही योजना पन्नासेक वर्षं चालली आहे.

शाळेत मी गावच्याच जिल्हा परिषदेच्या, आणि पुढं शिकवायलाही फिरून तिथंच आलो. मी सहावीत होतो तेव्हाचे मुख्याध्यापक जुलै लागला की मोठ्या पोरांना कामाला लावायचे. नकाशे, पृथ्वीचा गोल, लेझीम सगळं फळीवर. पण एका वस्तूला ते आम्हाला हात लावू देत नसत. ती म्हणजे जनरल रजिस्टर. गावात शाळा सुरू झाल्यापासून दाखल झालेल्या प्रत्येक पोराचं नाव, जन्मतारीख, जात त्यात. सगळ्यात जुनी पानं मोडीतली. जातीच्या दाखल्याला, वयाच्या पुराव्याला, पेन्शनीला गाव शेवटी त्याच वहीपाशी येतं. गुरुजी ती दुहेरी प्लॅस्टिकात बांधून सायकलच्या कॅरिअरवर लावायचे आणि वरच्या गल्लीतल्या माडीच्या घरात पोचवून यायचे. "घर पडलं तर घर बांधता येतंय," ते म्हणायचे, "ही वही भिजली तर निम्मं गाव जन्मलंच न्हाई असं होईल."

2005 च्या पुरात शाळेत पाणी आलं. पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाची कड राहिली होती, खिडकीच्या खालच्या चौकटीला लागून. रंगकाम झालं तेव्हा त्या कडेवरनं लाल ऑइलपेंटची रेघ मारली आणि शेजारी साल लिहिलं. हेतू चांगला होता. पोरं त्या रेघेला पाठ लावून उंची मोजायची. मी सहावी-सातवीला तिच्यावरनं गणितं घालायचो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, तर धरणातनं एक लाख क्युसेक सुटले म्हणजे किती? सेकंदाला 28 लाख 30 हजार लिटर. आपल्या गावाच्या टाकीत 50 हजार लिटर मावतं. एका सेकंदात अशा किती टाक्या? 56 च्या वर. पोरं डोळे मोठे करायची, आणि घरी जाऊन बापाला विचारायची.

हळूहळू ती रेघ गावाची झाली. माणसं बोलता बोलता हात करायची, "तिथवर आल्तं. त्याच्या वर येत न्हाई." म्हाताऱ्यांनी जन्मात त्याच्यावर पाणी बघितलेलं नव्हतं.

2019 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाऊस थांबेना. शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. आम्ही शिक्षकांनी तांदळाची पोती बाकांवर बाकं चढवून वर ठेवली, आणि मुख्याध्यापिका बाईंनी जनरल रजिस्टर स्कूटीवरनं थेट जयसिंगपूरला आपल्या घरी नेलं. वरच्या गल्लीतल्या माडीवर का ठेवत नाही, असं कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "वरची गल्ली वर आहे हे गावाला माहीत, नदीला नाही." त्यांच्यामुळं आज ती वही आहे. तांदूळ गेला, कारण पाणी लाल रेघेच्या वर तीन फूट चढलं. आयर्विनपाशी त्या वेळी 57 फुटांच्या वर नोंद झाली.

पण रेघेचा खरा घोटाळा उंचीचा नव्हता, तो मला त्या चार दिवसांत कळला. "रेघंला शिवलं की निघू," असं निम्मं गाव म्हणत होतं. आता शाळा उंचावर आणि गावातनं बाहेर पडायचा रस्ता ओढ्यावरनं, म्हणजे सगळ्यात खोलगट जागेतनं. पाणी शाळेच्या पायरीला लागायच्या कितीतरी आधी रस्ता गेलेला असतो. रेघेकडं बघत बसलेल्या माणसाला निघायला वाटच उरत नाही.

आमच्या घरात आजी हटून बसली होती. पंच्याऐंशीच्या पुढची. "मला काय व्हतंय? मी माडीवर बसतो." आमच्याकडं म्हाताऱ्या बायका अशाच बोलतात. वडिलांनी वाडीचा दाखला दिला. नृसिंहवाडीच्या देवळात पाणी आलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. देव जागा सोडतोय तर तुझं काय? आजी म्हणाली, "देवाला म्हसरं न्हाईत."

तिथं सगळं लक्षात आलं. वडिलांनी वाद सोडला, गोठ्यात गेले आणि दावणीची दावी सोडायला लागले. दोन म्हशी, एक गाय, कालवडी. ट्रॉलीत भुसकट टाकून जनावरं चढवली. आजी ओसरीवरनं बघत होती. तिची म्हैस ट्रॉलीत चढेना, ओरडायला लागली, तशी आजी उठली, काठी टेकत गेली आणि तिच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. म्हैस चढली. "आता हिची धार कोण काढणार तिथं?" असं पुटपुटत आजी स्वतःच ट्रॅक्टरकडं निघाली. दुपारी तीनला आम्ही ओढा ओलांडला तेव्हा पाणी चाकाच्या निम्म्याला होतं. संध्याकाळी तो रस्ता बंद झाला.

शेजारचे आण्णा राहिले. सहा जनावरं, आणि माळाला त्यांचं कुणी नाही. लाल रेघेवर त्यांचाही भरवसा. रात्रीत पाणी गोठ्यात शिरलं. बायकापोरांना स्लॅबवर चढवून ते खाली आले तोवर छातीभर पाणी, अंधार, आणि ओल्या दाव्याची गाठ सुटता सुटत नाही. विळा कुठं ठेवलाय ते आठवेना. दोन सुटली. चार दावणीला तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी जवानांच्या बोटीतनं आण्णांना बाहेर काढलं, तेव्हा ते कुणाशी बोलत नव्हते. त्याच पुरात 8 ऑगस्टला पलीकडं पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं भरलेली बोट उलटली होती. छावणीत सगळी त्याबद्दल बोलायची. आण्णा फक्त एवढंच म्हणायचे, "गाठ सुटली न्हाई." ते अजून म्हणतात.

पुढं शाळेला आपत्ती व्यवस्थापनाची पुस्तकं आली, तक्ते आले, रंगीत तालीम आली. घंटा वाजली की दप्तर डोक्यावर धरून रांगेनं मैदानात. भूकंपाला ते ठीक. आमचं मैदान म्हणजे गावातली पहिली बुडणारी जागा. बाईंनी आणि मी ती तालीम आमच्या गावापुरती बदलली. वरनं आलेल्या कागदाप्रमाणं एकदा करतो, फोटो पाठवतो, आणि मग आमची करतो. ओढ्याच्या मोरीच्या खांबावर पोरांनी पिवळा पट्टा मारलाय. भिंतीवरच्या रेघा आता तीन आहेत, 2021 चीही आहे, पण पोरांना त्या दाखवून आम्ही सांगतो की बघायचं ते पिवळ्याकडं. पाणी पिवळ्याला लागलं की त्या दिवशी निघायचं. घरात म्हातारं माणूस असेल तर पट्ट्याच्या आदल्या दिवशी.

आणि गाठ. जून महिन्यात एक तास पोरं सुतळीचं दावं खुंट्याला बांधतात, पाण्यात भिजवतात, डोळे बांधून सोडतात. सुरगाठ पाहिजे, एका ओढीत सुटणारी. पहिल्या वर्षी एका पोरीनं विचारलं, जनावराला ओढून सुटली तर? वर्गात कुणाला उत्तर येईना. ते आण्णांनी दिलं. एरवी नेहमीची गाठ, आणि पाणी मळीत शिरलं की त्या संध्याकाळी सगळ्यांची सुरगाठ. विळा गोठ्याच्या चौकटीत, वर, हाताला येईल असा. ते वर्गाच्या दारात उभं राहून एवढं बोलले आणि निघून गेले. तेव्हापासून दर जूनला येतात. पोरींच्या पोहण्याचंही आता गावातल्या दोन सुनांनी मनावर घेतलंय; विहिरीवर सकाळी डबे बांधलेल्या सात-आठ पोरी असतात.

आजी दोन वर्षांमागं गेली. आत्याचंही आता वय झालंय, कारभार तिच्या सुनेकडं आहे. वाडं अजून जातं. आषाढाच्या तोंडाला आत्याचा फोन येतो, पहिला प्रश्न आयर्विनचा, दुसरा जनावरांचा. यंदा आमची पाच आणि आण्णांची तीन, म्हणजे आठ होतील, असं मी जरा बिचकतच सांगितलं.

"ईऊ देत की," ती म्हणाली. "पोरानं गोठ्याला पत्रा वाढवलाय. फकस्त आण्णांना म्हणावं, त्यांची म्हस मारकी असंल तर आधी सांगा."