आठवा नंबर

झाशीत कुणालाही ‘कुठे भेटायचं?’ असं विचारा, उत्तर ठरलेलं असतं, ‘इलाइटवर!’ इलाइट चौराहा म्हणजे आमच्या गावाचा चव्हाटाच म्हणा ना. सीपरी बाजाराकडे निघालेले, स्टेशन गाठायच्या घाईत असलेले, कचेरीत तारीख असलेले, लग्नाच्या खरेदीला बाहेर पडलेले, सगळे इथूनच पुढे जातात. दिवसभर नुसते गाड्यांचे भोंगे आणि गर्दी. पण सकाळी सहाला गेलात तर हाच चौक किती शांत वाटतो! चहाच्या ठेल्यावर पहिलं आधण उकळत असतं आणि बाकावर चार-सहा म्हातारी माणसं गावाचे आणि जगाचे निकाल लावत बसलेली असतात.

२०२३ च्या उन्हाळ्यात मीही त्या बाकाच्या एका टोकाला बसू लागले. सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ‘रोज चाला, पण एकटे नका जाऊ,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अण्णांचं वय तेव्हा ८४. आमचे हे सकाळी लवकर कामावर जाणार, तेव्हा सोबतीची जबाबदारी माझ्यावर आली. आणि काही दिवसांनी आमच्या मागून आमचे चिरंजीवही येऊ लागले. हातात मोबाइल, कानात वायर, तोंडाला कुलूप.

त्या कुलपाची किल्ली माझ्याकडेच होती, हे कबूल करायला हवं. मुलगा सतरा वर्षांचा, बास्केटबॉलचं वेड. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघासाठी निवड झाली. यादी लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. तो घरी आला तो मान खाली घालून. मी आईच ती! मला वाटलं, बरं झालं, आता हे खूळ जाईल. मी चेंडू उचलला आणि माळ्यावर, दिवाळीच्या पणत्यांच्या खोक्यामागे टाकून दिला. म्हटलं, ‘आता बारावी. पुरे झालं.’ तो भांडला असता तर बरं वाटलं असतं. पण तो काहीच बोलला नाही. माळ्याकडे एकदा बघितलं आणि खोलीत निघून गेला.

एका सकाळी ठेल्यावर अण्णांनीच त्याला छेडलं, ‘काय रे, एवढं काय बघतोस त्यात?’

‘बास्केटबॉल, आजोबा. अमेरिकेतल्या मॅचेस. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे सकाळ.’

‘तुझा संघ कुठला?’

‘मायामी हीट.’

‘हीट? म्हणजे उष्मा?’ अण्णा खूश झाले. ‘अरे, मग हा आपल्या झाशीचाच संघ!’ मे महिन्यातली झाशी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या विनोदाचं मर्म सांगायला नको. सकाळी सातलाच इथे उन्हाचे चटके बसतात. बाकावरची सगळी मंडळी हसली, आणि त्या दिवसापासून मायामीचा संघ इलाइटवर ‘अपनी टीम’ झाला.

मग चिरंजीवांचं कुलूप हळूहळू उघडलं. त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. तिथल्या व्यावसायिक साखळीत ३० संघ, १५ पूर्वेचे, १५ पश्चिमेचे. प्रत्येकाने ८२ सामने खेळायचे. मग प्रत्येक भागातले आठ संघ बाद फेरीत. बाद फेरीतही एका सामन्यात निकाल नाही, सातपैकी चार जिंकायचे. मायामीने ८२ पैकी ४४ जिंकले होते, ३८ हरले होते. शेवटच्या जागांसाठी जे जादा सामने होतात, त्यातला पहिला अटलांटाशी हरले, दुसरा शिकागोशी जिंकले, आणि कसेबसे आठवे म्हणून आत शिरले. वर्गात काठावर पास झालेल्या मुलासारखे.

आणि या आठव्या नंबरची पहिली गाठ कुणाशी? पहिल्या नंबरच्या मिलवॉकीशी. त्या वर्षी साखळीत सर्वांत जास्त, ५८ सामने जिंकलेला संघ. मायामीने त्यांना ४-१ असं घरी पाठवलं. चौथ्या सामन्यात जिमी बटलर या एकट्याने ५६ गुण केले. पुढच्या फेरीत न्यूयॉर्कला ४-२ हरवलं. मग पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत बोस्टन. तिथे तर पहिले तिन्ही सामने मायामीने जिंकले!

‘त्यांच्यातले कितीतरी खेळाडू असे आहेत,’ मुलगा सांगत होता, ‘की कॉलेजमधून खेळाडू निवडतात ना, तेव्हा त्यांना कुठल्याच संघाने निवडलं नव्हतं. व्हिन्सेंट, स्ट्रस, रॉबिन्सन. आणि केलेब मार्टिनला तर शार्लटच्या संघाने काढून टाकलं होतं.’

हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी उगीचच पदर सारखा केला.

पण ठेल्यावरच्या गप्पा एकमुखी थोड्याच असतात! रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज विरोधी पक्षात. त्यांना कळलं, की मिलवॉकीचा सर्वांत मोठा खेळाडू यानिस पहिल्याच सामन्यात जखमी झाला आणि पुढचे दोन सामने खेळूच शकला नाही. झालं! ‘अरे भैया, ये तो तुक्का है,’ ते म्हणाले. ‘पहलवान बीमार पड़ा और तुम कुश्ती जीत गए!’

त्यांचं म्हणणं खरं व्हायची लक्षणंही दिसू लागली. बोस्टनने चौथा सामना जिंकला, पाचवा जिंकला. २८ मे, रविवार, सहावा सामना. सकाळी सहापासून पाच डोकी एका मोबाइलवर वाकलेली. शेवटचे तीन सेकंद उरले असताना बटलरने तीन फ्री थ्रो टाकले आणि मायामी एका गुणाने पुढे गेली. बाकावर एकच जल्लोष! तेवढ्यात बोस्टनचा एक फटका हुकला, बास्केटवर आदळून चेंडू उडाला आणि डेरिक व्हाइट नावाच्या खेळाडूने तो हवेतच परत आत ढकलला. घड्याळात सेकंदाचा एक दशांश भाग शिल्लक होता. १०४-१०३. तीन-शून्याचे तीन-तीन झाले.

मुलाने मोबाइल बंद केला. गार्डसाहेबही गप्प झाले. पोराचा चेहरा बघून त्यांनाही ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणवेना.

तेव्हा अण्णा बोलले. ‘तुक्का म्हणता ना? मग आपल्या झाशीचा तुक्का ऐका.’

झाशीच्या माणसाला हॉकी वेगळी शिकवावी लागत नाही. सीपरीच्या टेकडीवर मेजर ध्यानचंदांचा पुतळा उभा आहे. ३ डिसेंबर १९७९ ला ते दिल्लीत गेले आणि त्यांचे अंत्यसंस्कार इथे, हीरोज मैदानावरच झाले. त्या गर्दीत अण्णा होते. पण त्या सकाळी त्यांनी सांगितली ती गोष्ट १९३३ ची.

त्याच्या आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं होतं. त्यातले आठ गोल ध्यानचंदांचे, दहा त्यांचा धाकटा भाऊ रूपसिंग याचे. तिथून आल्यावर ध्यानचंद आपल्या गावचा संघ, झाशी हीरोज, घेऊन कलकत्त्याला बेटन कप खेळायला गेले. अंतिम सामना पडला कलकत्ता कस्टम्सशी. त्यांच्याकडे शौकत अली, असद अली, डीफहोल्ट्स असे त्या काळचे एकाहून एक नामांकित खेळाडू. आणि झाशीकडे? दोघे भाऊ, एक इस्माईल, बाकी सगळी कोवळी पोरं.

‘हा इस्माईल मुंबईला जी. आय. पी. रेल्वेकडून खेळायचा,’ अण्णा म्हणाले. ‘आमचे वडील इथल्या रेल्वे कारखान्यात होते. रेल्वे तीच, जी. आय. पी. म्हणून इस्माईलचं नाव निघालं, की वडील घरचाच माणूस असल्यासारखे बोलायचे. कस्टम्सवाले सारखे चढाई करत होते. झाशीचा गोल आता जातो की मग, अशी अवस्था. अचानक ध्यानचंदांना चेंडू मिळाला. त्यांनी मैदानाच्या मधून लांब पास दिला, इस्माईल अर्धं मैदान धावत गेला, कस्टम्सचा हाफ आणि गोलकीपर यांची आपसात गफलत झाली, आणि गोल! सगळ्या सामन्यात तेवढा एकच. झाशी जिंकली.’

‘म्हणजे तुक्काच की!’ गार्डसाहेब म्हणाले.

‘हो ना! ध्यानचंदांनी स्वतःच तसं लिहून ठेवलंय आपल्या आत्मचरित्रात. आम्ही संधी साधली म्हणून जिंकलो, असं. पण पुढे काय लिहिलंय ठाऊक आहे? माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला सामना कुठला विचाराल तर हाच.’

मी चकित झाले. त्यांचं ‘गोल’ हे आत्मचरित्र १९५२ चं. म्हणजे तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, १९३६ ची बर्लिनमधली जर्मनीवरची ८-१ अशी मात, हे सारं पाहून झाल्यावर या माणसाला सर्वांत प्रिय काय, तर गावच्या पोरांना घेऊन एका गोलने जिंकलेला कलकत्त्याचा सामना!

‘का म्हणून, आजोबा?’ मुलाने विचारलं.

अण्णांनी कुल्हड खाली ठेवला. ‘चोवीस गोल होतात तेव्हा जिंकणार हे ठाऊकच असतं रे. इथे हरणार हे ठाऊक होतं, तरी पोरं मैदान सोडून गेली नाहीत. गफलत कुठे तरी, कधी तरी होतेच. पण त्या वेळी तिथे धावत पोचायला इस्माईल असावा लागतो. नशीब आलं आणि आपण घरी बसलो असलो, तर त्याचा काय उपयोग?’

घरी बसवलं होतं कुणी? माझा चहा घशाखाली उतरेना.

मंगळवारी, ३० मे ला, निकालाचा सातवा सामना होता. गंमत अशी, की त्या सकाळी अख्खा देश क्रिकेटवर बोलत होता. पावसामुळे लांबलेला आयपीएलचा अंतिम सामना मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला होता आणि जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून चेन्नईला जिंकून दिलं होतं. ठेल्यावर सगळ्यांचे डोळे तारवटलेले. तरीही आमच्या बाकावर मात्र मोबाइलमध्ये बास्केटबॉलच सुरू होतं. सामना बोस्टनच्या मैदानावर, प्रेक्षक सगळे बोस्टनचे. त्या साखळीत तीन-शून्य अशा पिछाडीवरून मालिका कुणीही कधी जिंकलेली नव्हती, ती बोस्टन आता जिंकणार असंच सगळे धरून चालले होते.

मायामीने तो सामना १०३-८४ असा जिंकला. त्यातले २६ गुण केलेब मार्टिनचे, त्या काढून टाकलेल्या मुलाचे! आठव्या नंबरचा संघ अंतिम फेरीत जाण्याची ही दुसरीच वेळ. त्याआधी एकदा, १९९९ मध्ये, न्यूयॉर्कने हे केलं होतं. गार्डसाहेबांनी स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना जिलबी खाऊ घातली. ‘तुक्का ही सही,’ म्हणाले, ‘पर मीठा है.’

घरी आल्यावर मी स्टूल घेतलं, माळ्यावर चढले आणि पणत्यांच्या खोक्यामागून चेंडू काढला. हवा पार गेली होती. पुसून मुलाच्या हातात दिला. ‘माफ कर’ वगैरे आम्हा आयांना बोलता येत नाही. मी एवढंच म्हटलं, ‘इलाइटच्या बाजूला सायकलवाला आहे, हवा भरून आण. आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी ये, अभ्यास आहे.’

एखाद्या सिनेमात पुढे काय झालं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. प्रत्यक्षात मायामी अंतिम फेरीत डेन्व्हरकडून ४-१ हरली. आणि पुढच्या वर्षी जिल्ह्याची यादी लागली, तेव्हा तिच्यातही आमच्या मुलाचं नाव नव्हतं. तो त्या संध्याकाळी मान खाली घालून नाही आला. घामाने निथळत आला, मैदानावरूनच. ‘डेन्व्हरच्या योकिचलासुद्धा निवडीत ४१ वा नंबर मिळाला होता,’ म्हणाला आणि जेवायला बसला. बारावी चांगल्या मार्कांनी पास झाला, आता कॉलेजात आहे. रविवारी सकाळी मोहल्ल्यातल्या लहान मुलांना खेळायला शिकवतो. त्यांच्यात उंच, बुटकी, लठ्ठ, किडकिडीत, सगळी आहेत. यादी नाही.

अण्णांना आता इलाइटपर्यंत चालवत नाही. फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. रविवारी नातू चेंडू काखेत मारून परत आला, की ते कोण जिंकलं हे विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असतो,

‘काय रे, आज किती जण आले होते?’