चिन्ह ठाऊक नसताना

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. घरात सध्या परीक्षेचं वातावरण आहे. परीक्षा माझी नाही, भाचीची. बँकेतली नोकरी सांभाळून ती जीमॅट देतेय आणि दर शनिवार-रविवार मुक्कामाला माझ्याकडे असते. "मावशी, तू गणिताची बाई ना? मग बस माझ्याबरोबर," असा हुकूम झाला आणि मी चष्मा पुसून बसले.

तिचं घोडं अडलं होतं डेटा सफिशियन्सीत. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं! उत्तर काढायला ही माहिती पुरेशी आहे का, एवढंच सांगायचं. फक्त पहिलं पुरतं, फक्त दुसरं पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, कुठलंही एक पुरतं, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, असे पाच ठरलेले पर्याय. गंमत म्हणजे उत्तर ठाम 'नाही' आलं तरी माहिती पुरेशी. 'कधी हो, कधी नाही' आलं की अपुरी. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचं रूप बदललं, तेव्हा हे प्रश्न गणिताच्या विभागातून डेटा इनसाइट्समध्ये गेले. तिथे पडद्यावर कॅल्क्युलेटरही मिळतो म्हणे. पण त्याचा इथे काय उपयोग, ते पुढे कळेलच.

तिने समोर ठेवलेलं गणित असं:

क्ष हा १ पेक्षा मोठा आहे का?
(१) क्ष × य > य
(२) य > ०

मी म्हटलं, हे तर पाचवीतलं पोरही सांगेल. पहिल्या विधानात दोन्ही बाजूंना य ने भागा, क्ष > १. एकटं पहिलं पुरतं. झालं!

"चूक," भाची म्हणाली. "मीही हेच लिहिलं होतं."

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं हो मी! ऋण संख्येने भागलं की असमानतेचं चिन्ह उलटतं, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. य उणे १ आणि क्ष ० घ्या. गुणाकार ०, तो उणे १ पेक्षा मोठा. विधान खरं, पण क्ष काही १ पेक्षा मोठा नाही. य धन आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, मी आपलं धरून चालले होते. दुसरं विधान एकटं क्षबद्दल काहीच बोलत नाही, पण पहिल्याला नेमकं तेवढंच हवं होतं. म्हणून दोन्ही मिळून पुरतात.

मग आम्ही नियमच केला. चिन्ह ठाऊक नसलेल्या अक्षराने भागायचं नाही. सगळं एका बाजूला आणायचं, अवयव पाडायचे: य × (क्ष − १) > ०. म्हणजे दोघांचं चिन्ह एकच, दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण. आणि संख्या घालून बघायच्या तर नुसत्या २ आणि ३ नाहीत. ०, १/२, उणे १/२, उणे २ याही.

दुसरं एक गणित होतं. क्ष धन आहे का? (१) क्षचा वर्ग क्षपेक्षा मोठा. (२) क्षचा घन क्षपेक्षा मोठा. २ घातले तरी दोन्ही खरी, उणे १/२ घातले तरी दोन्ही खरी. म्हणजे दोन्ही मिळूनही अपुरी. "मला हे उत्तर लिहायला भीतीच वाटते," भाची म्हणाली. "वाटतं, आपल्यालाच येत नाहीये."

रात्री जेवताना विषय कसा कोण जाणे २०१९ वर गेला. त्या वर्षी ह्यांची बायपास झाली तेव्हा ताई, म्हणजे भाचीची आई, आली नव्हती. दोन फोन, बस्स. मी तेव्हाच हिशोब मिटवून टाकला होता. सणावारी बोलणं चालू, पण आतून नाही.

"अगं, आईला तेव्हा सारखी चक्कर यायची," भाची म्हणाली. "एकटीने प्रवास बंद होता. मावशीला सांगू नका म्हणाली, तिच्यामागे आहे तेवढं पुरे आहे."

माझा घास हातातच राहिला. ताई आली नाही, हे एकच विधान माझ्याकडे होतं. चिन्ह मी माझ्या मनाने घातलं आणि इतकी वर्षं तेच उत्तर बाळगलं.

दुसऱ्या दिवशी ताईला फोन केला. म्हटलं, तू का आली नाहीस हे विचारायचंच राहिलं. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "तू रागावली आहेस हे कळत होतं गं. पण कशावरून, ते मीही कधी विचारलं नाही."

सगळं काही लगेच पूर्वीसारखं झालेलं नाही. पुढच्या महिन्यात ती राहायला येतेय, तेव्हा बघू. हे इथे टाकण्याआधी तिला वाचून दाखवलं. गणित कळलं नाही म्हणाली, पण टाक.

असो. भाचीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. शुभेच्छा तिला द्या, मला नकोत.