वैमानिकाचं नाक

निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल निवृत्त न झालेल्यांची मतं फार ठाम असतात. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून मी घरी बसलो तेव्हा कोणी म्हणालं योगासनं करा, कोणी म्हणालं सोसायटीचे सेक्रेटरी व्हा. हा दुसरा सल्ला देणारे गृहस्थ त्या वेळी स्वतःच सेक्रेटरी होते, हे मागाहून ध्यानात आलं. मी दोन्ही केलं नाही. मी वैमानिक करायला लागलो.

'व्हायला' नव्हे, 'करायला'. उंची सहा इंच, कमरेखाली काही नाही, डोक्याला चामडी टोपी, कपाळावर गॉगल. असा माणूस जगात कोणाला लागतो, असं तुम्ही म्हणाल. आमच्या भाईंदरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जो पोरगा राहतो त्याला लागतो. पोरगा इंजिनियर आहे. आठवडाभर तो लोकलला लोंबकळतो आणि रविवारी लढाऊ विमानं बांधतो. खरी नव्हे, रेडिओवर चालणारी. पण उडतात खऱ्यासारखी. त्याच्या आईने सूनबाई शोधायला घेतली तेव्हा पहिली अट अशी होती म्हणे, की मुलीची कॉटखाली पंख ठेवायला हरकत नसावी.

त्या वेळी तो हरिकेन बांधत होता. खऱ्या हरिकेनचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस फूट. याचं प्रमाण एकास पाच, म्हणजे आठ फूट. आमच्या इमारतीची लिफ्ट तीन माणसांची, त्यातही तिसरा माणूस बारीक असला तर. त्यामुळे ते विमान आकाशात सहज जाई, पण जमिनीवर यायला त्याला जिन्याने, पंख वेगळे काढून, शेजाऱ्यांच्या चपला चुकवत यावं लागे.

एकदा मला जिन्यात गाठून तो म्हणाला, "काका, जरा आत डोकावून बघा."

कॉकपिटमध्ये एक परदेशी विकतचा वैमानिक बसवलेला होता. गुलाबी गाल, निळे डोळे, पिवळट मिशा. विमान मात्र आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचं, १९४४ साली अर्जनसिंगांच्या नेतृत्वाखाली इंफाळला लढलेलं.

"आपल्या विमानात हा कोण बसलाय?" मी म्हणालो.

"तेच म्हणतो मी. आपला माणूस पाहिजे. तुम्ही करून द्या."

चित्रकलेच्या मास्तराला कोणी 'करून द्या' म्हटलं की तो 'जमणार नाही' असं म्हणूच शकत नाही. चौतीस वर्षं गॅदरिंगचे पडदे रंगवून ती सवय लागते. मी म्हणालो, "आठ दिवसांत देतो." त्याला सात महिने लागले.

पहिला वैमानिक मी शाडूचा केला. वाळल्यावर त्याला कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला. मी म्हटलं, युद्धातली जखम समजू. पण पोरट्याने तो वजनकाट्यावर ठेवला आणि काटा बघून खाली बसला. मग त्याने मला शास्त्र सांगितलं. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या साधारण पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात यावा लागतो. हरिकेनचा वैमानिक त्याच्या बराच मागे बसतो. म्हणजे वैमानिक जाडा झाला की शेपूट जड होते, आणि शेपूट जड झालेलं विमान कोणाचं ऐकत नाही. मग तोल साधायला नाकात शिसं भरायचं. मागच्या माणसाचं वजन वाढलं म्हणून पुढच्याने ओझं उचलायचं, हे मला अगदी ओळखीचं वाटलं. लोकलमध्ये दुसरं काय होतं?

"शंभर ग्रॅमच्या आत बसवा," तो म्हणाला.

दुसरा वैमानिक भट्टीत भाजायच्या मातीचा केला. ही माती पाण्यात कालवायची नसते, वाळत नाही, तडकत नाही. एकशे तीस अंशांवर भाजली की प्लास्टिकसारखी घट्ट होते. घरात ओव्हन एकच, नानकटाईचा. आमच्या हिने दार उघडलं, आतून एक माणूस तिच्याकडे रोखून बघत होता. त्या दिवशी नानकटाईही झाली नाही आणि जेवणही उशिरा झालं. मी दुसऱ्या दिवशी निमूटपणे वेगळी छोटी भट्टी आणली.

पण खरी पंचाईत चेहऱ्याची होती. शाळेत मी पोरांना हजारदा सांगितलं असेल की डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, वर नाही. चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी. केसांपासून भुवई, भुवईपासून नाकाचं टोक, तिथून हनुवटी हे तीन भाग सारखे. हे सगळं फळ्यावर सोपं असतं. पावणेदोन इंचांच्या डोक्यात पाच डोळ्यांची रुंदी मोजायला गेलं की आपलेच दोन डोळे भरून येतात. कोरणी एक केसभर सरकली की वैमानिकाला तोंडात सुपारी धरल्यासारखा गाल येई. बरं, हे करून जो चेहरा निघाला तो शांत, भरलेला, मोठ्या डोळ्यांचा. हिने बघितला आणि नकळत हात जोडले. माझ्या खिडकीखाली गणपतीचा कारखाना आहे. वीस वर्षं येता-जाता जे बघितलं ते बोटांत उतरलं होतं. फक्त सोंड द्यायची राहिली होती.

अखेर मी कारखान्यातल्या आबांनाच शरण गेलो. आबा पेणला शिकलेले. मूर्ती कोणीही घडवील, पण डोळ्यांची आखणी आबाच करणार, असा त्यांचा मान. माझा वैमानिक त्यांनी तळहातावर घेतला, उलटा केला, सरळ केला.

"पहिली गोष्ट, हा भरीव कशाला? मातीच्या नमुन्यावर प्लास्टरचा साचा घ्या आणि साच्यात कागदाचा लगदा दाबा. आत पोकळ ठेवा. आम्ही मोठाले गणपती तसे करतो, हे तर बाळ आहे." पुढे खरंच तसं केलं तेव्हा वैमानिक सत्तर ग्रॅम भरला. "आता दुसरी गोष्ट. डोळ्यांत पांढरा रंग पांढराफेक भरलाय, म्हणून हा घाबरलेला दिसतो. त्यात थोडी राख मिसळल्यासारखा करडा घाला. वरची पापणी गडद करा, म्हणजे सावली पडेल. लांबून बघायची वस्तू आहे."

"आणि नजर?"

"तेच विचारणार होतो. देवाचं सोपं असतं मास्तर, त्याने आपल्याकडे बघायचं. याने कुठे बघायचंय?"

मला उत्तर येईना. पण ज्याला येईल असा एक माणूस आमच्याच घरात होता.

अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. १९६५चं युद्ध झालं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. गिरगावच्या चाळीत काचांना काळे कागद लावलेले, आणि अण्णा दिव्यावर पांघरूण टाकून नॅट विमानांच्या बातम्या कापून वहीत चिकटवायचा. भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ला सुरू झालं, पहिलं स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ला, हे आम्हां भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं. मग तो वैमानिक व्हायच्या तपासणीला गेला. उंची बरोबर, छाती बरोबर. शेवटी एक पुस्तक पुढे आलं. त्यात रंगीत ठिपक्यांची वर्तुळं. सगळ्यांना ठिपक्यांत आकडा दिसला, अण्णाला ठिपकेच दिसले. लाल आणि हिरवा त्याला वेगळे दिसत नव्हते. टोमॅटो आणायला पाठवलं की तो कच्चेच का आणतो, याचा उलगडा आईला त्या दिवशी झाला.

अण्णा त्यावर कधी बोलला नाही. बँकेत लागला. १९७८ साली आम्ही भाईंदरला आलो तेव्हा गॅलरीतून मिठागरं दिसत. अण्णा म्हणायचा, धावपट्टीला बरी जागा आहे. त्यानंतर सत्तावीस वर्षं त्याने चर्चगेटचा प्रवास केला, बहुतेक उभ्याने, क्वचित चौथ्या सीटवर. खिडकी कधी मिळाली नाही. बातम्यांची वही मात्र चालूच होती. हृषीकेश मुळगावकर हवाई दलप्रमुख झाले, १९७६ साली, तेव्हा त्याने पेढे वाटले होते. बँकेतल्या लोकांना वाटलं, भाऊबंद असतील.

मी वैमानिक त्याच्यासमोर ठेवून आबांचा प्रश्न विचारला. अण्णाने चष्मा पुसला.

"समोर काय बघतोय हा? स्टेशन येणार आहे का?" तो म्हणाला. "अरे, लढाऊ वैमानिक मागे बघतो. शत्रू मागून येतो आणि उन्हातून येतो. मान सारखी फिरवावी लागते. ते रेशमी रुमाल गळ्यात बांधायचे ना, ते ऐटीसाठी नव्हेत. कॉलरला घासून मान सोलवटायची म्हणून."

"मग दाखव कसा बसतो ते."

ऐंशीच्या घरातला माणूस. मला वाटलं नाही म्हणेल. अण्णा उठला, गॅलरीत खुर्ची ओढली, चष्मा काढून ठेवला. उजवा हात गुडघ्यांमध्ये न दिसणाऱ्या दांड्यावर, डावा बाजूला. आणि डाव्या खांद्यावरून मागे, वर, उन्हाकडे बघितलं. डोळे बारीक झाले. मी मुकाट्याने वही उघडली. त्याला 'पुरे' म्हणायला मी बराच वेळ घेतला. त्यानेही घाई केली नाही.

त्या रेखाटनांवरून तिसरा वैमानिक आठ दिवसांत झाला. सुरकुत्या मी गाळल्या होत्या, कारण वैमानिक तरुण हवा. कान टोपीत गेले होते. तरी पोरग्याने बघितलं मात्र आणि ओरडला, "काका, हे तर आपले अण्णा!" मी बघितलं. नाक. आमच्या घराण्याचं नाक टोपीत जात नाही.

अण्णाने वैमानिक हातात घेतला. काहीतरी म्हणेल असं वाटलं, पण त्याने विचारलं, "विमानाला रंग कुठला? मला सांगूनच टाका, मी बघून उपयोग नाही."

"हिरवा आणि तपकिरी," पोरगा म्हणाला. "खूण मात्र निळी आणि फिकट निळी. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. गोंधळ होऊन आपल्याच लोकांनी आपलीच विमानं पाडू नयेत, म्हणून १९४३ पासून त्या आघाडीवर वर्तुळातला लाल काढूनच टाकला होता."

अण्णा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे लाल नव्हताच?"

"नव्हता."

"मग मी चाललो असतो."

डोळे तेव्हाही तपासतच असत, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. मी रंगाची बशी धुवायला आत गेलो. ती बशी त्या दिवशी फार स्वच्छ निघाली.

विमान उडवायचं मैदान भाईंदरपासून लांब, गाडीने दोन तास. अण्णाला पुढे खिडकीशी बसवलं. पोरग्याने एक गुपित ठेवलं होतं: वैमानिकाची मान त्याने एका छोट्या मोटरला जोडली होती. शेपटीचं सुकाणू वळलं की मान त्या बाजूला वळायची. विमान वर गेलं, दूर जाऊन ठिपका झालं, फिरलं आणि आमच्या समोरून खाली आलं. डावीकडे वळताना आतल्या माणसाने डाव्या खांद्यावरून बघितलं. तो उन्हाकडे बघत होता की आमच्याकडे, देव जाणे. अण्णाने हात वर केला. सलाम केला की डोळ्यांवर सावली धरली, ते मी विचारलं नाही.

उतरताना चाक गवतात अडकलं आणि विमान नाकावर उभं राहिलं. आम्ही सगळे धावलो. पंखा मोडला होता, वैमानिकाला ओरखडासुद्धा नव्हता. अण्णा सर्वांत शेवटी, काठी टेकत पोचला. वाकून आत बघत म्हणाला, "उतरायची घाई. भाईंदर आलं वाटलं काय?"

आता पोरग्याने स्पिटफायर घेतलंय आणि त्यालाही वैमानिक पाहिजे. मी अण्णाकडे वही घेऊन गेलो, तर तो गॅलरीतून उठेना.

"या खेपेला तू बस," म्हणाला. "मी एकट्याने किती दिवस मागे बघायचं?"

मी आरशासमोर बसून दोन संध्याकाळी रेखाटनं केली. मग लक्षात आलं की इतकी मेहनत नको. नाक तेच आहे, साचा जुनाच चालेल.