टिचकी

आमच्याकडे बारा बोअरची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. कोकणातल्या पावसात कागदी काडतुसं फुगत, मग ती नळीत शिरत नसत. म्हणून अण्णा जुन्या पितळी पुंगळ्या जपत आणि त्याच पुन्हा भरत.

पुंगळी पारखणं म्हणजे बाजारात बैल बघणं. नुसत्या रंगावर जायचं नाही. अण्णा आधी बुडाची कड फिरवून बघत. मग बूड उन्हाकडे धरून तोंडाला डोळा लावत. उजेड फक्त केपाच्या भोकातून आला पाहिजे, आणखी कुठून आला तर ती चिरलेली. केप बोटानं सहज आत गेली तरी बाद, कारण बार मागे धुमसतो. तांबूस डाग दिसला की पितळेतलं जस्त गेलं. शेवटी कडेला दोरा बांधून टांगायची आणि नखानं टिचकी. धड पुंगळी देवळातल्या घंटीसारखी वाजते, चिरलेली बद्द करते.

1976 साली मी दहावीला होतो. मे महिन्यात घराची कौलं परतायची म्हणून अण्णांनी चोवीस पुंगळ्यांचा डबा माझ्याकडे दिला. मी तो गोठ्याच्या माळ्यावर ठेवला, वर गवत टाकलं आणि विसरलो. डब्याला झाकण नव्हतं. खाली चार गुरं, आणि चार महिने पाऊस.

भात पसवलं तशी डुकरं यायला लागली. बार काढला की पळायची, पण काडतुसं भरायची होती. मी पुंगळ्या राखेनं घासून लखलखीत केल्या आणि अण्णांपुढे ठेवल्या. त्यांनी पहिली टांगली. बद्द. दुसरी, तिसरी तशीच. नख फिरवलं तर अंगावर उभी, केसाएवढी चीर.

"खंय ठेवलेलंस रे?"

"गोठ्याच्या माळ्यार."

"पितळेक गुरांचा मूत सोसना नाय," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं. बावीस पुंगळ्या बाजूला काढल्या. मी म्हटलं, दोन-चार तरी भरून बघू. तर म्हणाले, "गालाक बंदूक तू लावतलंस की मी?"

त्या साली खालचा मळा डुकरांनी लोळवला. आम्ही पत्र्याचे डबे बडवत होतो.

पुतण्या पुढे धातुशास्त्र शिकला, त्यानं सांगितलं की या दुखण्याला सीझन क्रॅकिंग म्हणतात. सीझन म्हणजे आपलाच पावसाळा. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली की अशीच चिरत. मुतातून सुटणारा अमोनिया आणि ओल, त्यात ठोकून घडवताना पितळेत राहिलेला ताण. हे कारण त्यांच्या शास्त्रज्ञांना 1921 साली उमगलं. अण्णा तर दुसरी नापास.

बंदूक कधीच जमा केली. त्या दोन पुंगळ्या मात्र देव्हाऱ्याखालच्या खणात आहेत. मिरग लागला की टांगून टिचकी मारतो. अजून वाजतात.