‘सुंदर दलदल’ कुणासाठी सुंदर?

वेल्समधल्या बोमॅरिस किल्ल्याचे कौतुक नेहमी वाचायला मिळते. तटाच्या आत तट, चारही बाजूंनी सारखी रचना, भोवती पाण्याचा खंदक. 1986 मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. मी समाजशास्त्र शिकले आणि आज उठवलेल्या वस्त्यांमध्ये काम करते. त्यामुळे अशा वास्तूबद्दल वाचताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे आधी कोण राहत होते?

1282 मध्ये वेल्सचा राजपुत्र लुएलिन मारला गेला आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स ताब्यात घेतले. 1294 मध्ये मडोगच्या नेतृत्वाखाली वेल्श लोकांनी बंड केले. ते चिरडल्यावर 1295 मध्ये अँगलसी बेटावर बोमॅरिसचे काम सुरू झाले. शेजारीच लानवाइस हे वेल्श लोकांचे भरभराटीचे व्यापारी गाव होते. राजाने ते उठवले आणि माणसांना सुमारे 20 किलोमीटरवर नेऊन बसवले. त्या वसाहतीचे नाव न्यूबरा, म्हणजे नवे नगर. किल्ल्याला मात्र जेत्यांच्या फ्रेंच भाषेतले नाव मिळाले. त्याचा अर्थ ‘सुंदर दलदल’. माझ्याकडे येणाऱ्या कागदांवरही ‘पुनर्वसन’ असा गोंडस शब्द असतो. घर कुणी पाडले ते त्या शब्दात दिसत नाही.

मग बांधले कुणी? पुस्तकात नाव येते ते प्रमुख स्थपती जेम्स ऑफ सेंट जॉर्ज याचे. पण 1296 मध्ये त्यानेच राजदरबाराला पाठवलेल्या पत्रात 400 गवंडी, 2000 मजूर आणि 200 खाणकामगारांचा हिशेब आहे. मजुरी थकली आहे, माणसांकडे जगायला काही नाही, ती टिकवणे कठीण झाले आहे, असेही त्यात कळवले आहे. पुढे स्कॉटलंडच्या युद्धांकडे पैसा वळला आणि किल्ला अपुराच राहिला. आज पर्यटक त्या अपुरेपणाचे फोटो काढतात. थकलेल्या मजुरीचा फोटो निघत नाही.

‘वेल्श’ हा शब्दसुद्धा जुन्या इंग्रजीतल्या ‘परका’ या अर्थाच्या शब्दातून आलेला आहे. स्वतःच्या भूमीत माणसे परकी ठरली! ती स्वतःला ‘कम्री’ म्हणतात, म्हणजे एका भूमीतले सोबती. पुढे 1401-02 च्या कायद्यांनी इंग्रज नगरांमध्ये जमीन घ्यायला आणि शस्त्र बाळगायला वेल्श माणसाला बंदी केली.

काही मित्र लगेच म्हणतील, ही तर आपलीच कथा. मला हे मान्य नाही. सोळाव्या शतकातल्या कायद्यांनी वेल्श माणसाला इंग्रजांच्या बरोबरीचे कायदेशीर हक्क मिळाले, जरी न्यायालयातून त्याची भाषा हाकलली गेली. त्याआधीच, 1485 मध्ये, अँगलसीतल्याच ट्यूडर घराण्याचा वंशज इंग्लंडचा राजा झाला होता. जिंकणाऱ्याने लादलेली विषमता कायद्याने बरीचशी पुसता आली. बाबासाहेबांनी दाखवलेली श्रेणीबद्ध विषमता धर्माच्या आधाराने उभी असते. तिथे राजा बदलून पायरी बदलत नाही. दोन्ही दुःखे एका मापाने मोजली तर दोन्हीही नीट समजत नाहीत.

पण प्रश्न मात्र दोन्हीकडे तेच लागतात. कुणाला उठवले? कुणाची मजुरी बुडाली? नाव कुणी ठेवले? पुढच्या वेळी कुठल्याही किल्ल्यावर अभ्यास सहल नेलीत, तर मार्गदर्शकाला तोफांची संख्या विचारण्याआधी हे तीन प्रश्न विचारा.